पॉलिसीवरचे नाव

‘अंगावर जोखीम घालून एकटी प्रवासाला निघू नकोस,’ असे आपल्या आज्या सांगत. त्यांच्या बोलण्यात जोखीम म्हणजे दागिने. पेढीवर बसणाऱ्या पुरुषांच्या तोंडी तोच शब्द आला की त्याचा अर्थ नुकसानीची शक्यता. शब्द एकच, पण माजघरात त्याचा अर्थ वस्तू आणि ओसरीवर त्याचा अर्थ धोका. मला यात गंमत वाटते आणि थोडा इतिहासही दिसतो. नवऱ्यामागे आपल्याच हातात राहील अशी खात्री बाईला अंगावरच्या सोन्याचीच काय ती होती. घर, शेत, दुकान, उधारी हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या नावावर असायचे.

विमा, हप्ता, नॉमिनी, वारस हे शब्द आज आपण भाजीपाल्याच्या शब्दांइतक्या सहज वापरतो. पण प्रत्येक शब्दामागे एक प्रश्न उभा आहे: कुणाचा जीव मोजायचा आणि पैसे कुणाच्या हातात द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधत मी थोडे वाचन केले. त्यात एका जुन्या कायद्यात आपल्या जैन समाजाचे नाव स्पष्ट लिहिलेले सापडले, आणि तेही वगळण्यासाठी. ती हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

आधी शब्द. विमा हा शब्द फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भीती. ज्याची भीती वाटते त्याची सोय म्हणजे बीमा, आपला विमा. ‘हफ्त’ म्हणजे सात. सात दिवसांचा तो हप्ता. आठवड्याला फेडायच्या रकमेलाही हप्ता म्हणू लागले, आणि पुढे महिन्याची, वर्षाची रक्कमही हप्ताच झाली. कंपन्या येण्याआधी आपल्याकडे विमा नव्हता असेही नाही. व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी चाले. माल जहाजावर चढवला की व्यापारी त्या मालावर हुंडी लिही आणि ती सराफाला विके. सराफ रोख पैसे लगेच देई, अर्थात थोडे कापून. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे सराफाला मिळत. जहाज बुडाले तर सराफाचेही पैसे बुडाले. म्हणजे जी रक्कम तो कापून घेई, त्यात व्याजही होते आणि विम्याचा हप्ताही होता.

पण ही हुंडी मालाची होती, माणसाच्या जिवाची नव्हती. जहाजातल्या कापसाला किंमत होती. कापूस पाठवणारा मेला तर त्याच्या बायकोचे काय, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

जिवाचा विमा हिशेबात बसवायचा तर आधी मरण मोजावे लागते. हे काम युरोपात झाले. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. जॉन ग्राँट नावाच्या एका दुकानदाराने त्या याद्या चाळून १६६२ साली त्यावर पुस्तक लिहिले. कोणत्या कारणाने किती माणसे मरतात, किती मुले लहानपणीच जातात, हे त्याने मांडले. पुढे १६९३ मध्ये एडमंड हॅली, धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपण शाळेत ऐकले तोच, त्याने ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून वयवार तक्ता तयार केला. अमुक वयाच्या माणसांपैकी पुढच्या वर्षी किती उरतील, हे त्या तक्त्यावरून सांगता येऊ लागले. विम्याच्या भाषेत याला मृत्युदर सारणी म्हणतात. ऐकायला अशुभ वाटते खरे, पण आजही आपल्या पॉलिसीचा हप्ता ठरतो तो अशाच तक्त्यावरून.

या तक्त्याचा पहिला मोठा उपयोग कुणासाठी झाला, ते वाचून मला बरे वाटले. तो झाला विधवांसाठी. स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशक वारला की त्याचा पगार थांबे आणि चर्चने दिलेले घरही सोडावे लागे. बायकामुले उघड्यावर येत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी यावर उपाय शोधायचे ठरवले. एडिंबरोचे गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांची त्यांनी मदत घेतली. गावोगावची माहिती गोळा केल्यावर आकडे निघाले ते असे: कोणत्याही वर्षी सुमारे ९३० धर्मोपदेशक हयात असतात, त्यांपैकी सरासरी २७ वर्षभरात मरतात, आणि त्या २७ पैकी १८ जणांच्या मागे विधवा राहतात. एवढे कळल्यावर वर्गणी किती घ्यायची आणि वर्षासन किती द्यायचे याचा हिशेब मांडता आला. १७४४ मध्ये फंड सुरू झाला. चार प्रकारच्या वर्गण्या होत्या, त्याप्रमाणे विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळत.

‘सरासरी’ या शब्दाची ताकद मला इथे कळली. यंदा कोण जाणार हे कोणीच सांगू शकत नाही. किती जाणार हे मात्र सांगता येते. आपल्याकडे बारा भावनांत पहिलीच अनित्य भावना. आयुष्याचा भरवसा नाही हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. त्या मंडळींनी एवढेच केले की ही अनिश्चिती कागदावर मोजली आणि ती सगळ्यांनी मिळून वाटून घेतली. वर्गणी देणाऱ्या बहुतेकांना त्या वर्षी काही मिळत नाही. ज्या १८ घरांवर आभाळ कोसळते, त्यांना ९३० घरांचा हात मिळतो. विमा म्हणजे मुळात एवढेच.

हा हिशेब आपल्या देशात आला तो मात्र गोऱ्यांच्या सोयीसाठी. १८१८ मध्ये कलकत्त्याला ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती इथे राहणाऱ्या युरोपियन लोकांकरिता. पुढे परदेशी कंपन्या हिंदी माणसांचे विमे घेऊ लागल्या, पण जास्त हप्ता लावून. त्यांच्या लेखी हिंदी माणसाचा जीव हलक्या प्रतीचा होता. तक्ते तिकडचे आणि भीती इकडची, असा तो मामला. १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल सोसायटी स्थापन झाली आणि तिने हिंदी माणसांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवायला सुरुवात केली. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनी निघाली. स्वदेशीच्या चळवळीनंतर तर गावोगाव देशी कंपन्या उभ्या राहिल्या. १९१३ मध्ये आपल्या साताऱ्यात वेस्टर्न इंडिया निघाली.

म्हणजे हिंदी पुरुषाचा जीव मोजला जाऊ लागला. आता दुसरा प्रश्न, तो गेल्यावर पैसे कुणाच्या हातात?

त्या काळचे आपले घर डोळ्यांपुढे आणा. एकत्र कुटुंब, एकत्र दुकान. कर्ता पुरुष गेला तर एकत्र मालमत्तेतला त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे आणि मुलग्यांकडे जाई. विधवेला राहायला जागा आणि पोटापुरते अन्नवस्त्र. मालमत्ता वेगळी असली आणि मुलगा नसला तर ती विधवेकडे येई, पण तिच्या हयातीपुरती. सबळ कारण दाखवल्याशिवाय ती विकू शकत नसे. जैनांना हाच हिंदू कायदा लावला जाई. वेगळी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागे. उत्तरेकडच्या अग्रवाल जैनांनी ती एकदा सिद्ध केली. १८७८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले की त्यांच्या रूढीप्रमाणे नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर निपुत्रिक विधवेचा पूर्ण मालकी हक्क आहे. तो निकाल त्या समाजाच्या रूढीपुरता होता. पण एका जैन बाईचा खटला इतक्या लांब गेला आणि तिथे ती जिंकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अशा घरात विम्याचे पैसे आले तर ते कुठे जातील? नवऱ्याच्या मिळकतीत. आणि मिळकतीवर पहिला हात सावकाराचा. दुकान कर्जात असेल तर विमा कंपनीचा चेक एका दाराने आत येणार आणि दुसऱ्या दाराने बाहेर जाणार.

या अडचणीवर इंग्लंडमध्ये १८७० साली कायदा झाला आणि त्याच वळणावर १८७४ मध्ये हिंदुस्थानात. त्याचे नाव मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याचे सहावे कलम आपल्यासाठी महत्त्वाचे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या जिवाचा विमा घेतला आणि पॉलिसीवरच ‘ही बायकोच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या हितासाठी आहे’ असे लिहिले, तर ती पॉलिसी ट्रस्ट ठरते. त्या रकमेवर नवऱ्याचा ताबा राहत नाही, त्याच्या सावकारांचा हक्क राहत नाही आणि ती त्याच्या मिळकतीत मोजली जात नाही. सावकारांना फसवायच्या हेतूनेच पॉलिसी काढली असे सिद्ध झाले, तर पॉलिसीच्या रकमेतून आपले पैसे वसूल करण्याचा त्यांचा हक्क कायम राहतो. अपवाद तेवढाच.

किती नेमके कलम! आपल्या व्यापारी घरांना तर मापाने शिवल्यासारखे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिले होते की लग्नाच्या वेळी जी स्त्री किंवा जिचा नवरा हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन धर्माचा होता, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे या देशातल्या बहुतेक सगळ्या बायका वगळल्या. उरल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती आणि पारशी. या समाजांचा वारसाहक्काचा कायदा आपापला आहे, त्यात सरकारने हात घालू नये, असा त्यामागचा विचार. विचार सोयीचा होता. पण ‘आपापल्या कायद्यात’ विमा नावाची चीजच नव्हती, तर तो कायदा विम्याच्या पैशाचे रक्षण करणार तरी कसा?

आपले नाव सरकारी कागदावर वेगळे लिहिले जावे यासाठी जैन समाजाने खूप खटपट केली आहे. इथे ते नाव वेगळे लिहिले गेले खरे, पण बाहेरच्या यादीत.

मद्रास इलाख्यात हा भेद आधी गेला. तिथल्या उच्च न्यायालयाने सहावे कलम हिंदूंनाही लागू होते असा अर्थ लावला. बाकीच्या इलाख्यांत गोंधळ राहिला. शेवटी १९२३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. हिंदू, मुसलमान, शीख किंवा जैन पुरुषाने मद्रासमध्ये १९१३ च्या अखेरीनंतर आणि ब्रिटिश हिंदुस्थानात इतरत्र १ एप्रिल १९२३ नंतर घेतलेल्या पॉलिसीला सहावे कलम लागू, असे त्यात स्पष्ट लिहिले. १८७४ ते १९२३, एकोणपन्नास वर्षे. बाईच्या दोन पिढ्या तेवढ्यात संपतात.

आणि तरीही सगळ्याजणी आत आल्या नाहीत. बेळगाव शहर ब्रिटिश मुलखात होते, पण त्याला चिकटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. दोन सख्ख्या बहिणी, एक बेळगावात दिलेली, दुसरी शहापुरात. सकाळी दळण घेऊन एकीने दुसरीकडे जावे इतके अंतर, पण कायदा दोघींना दोन. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या आपल्या मराठी बहिणींपर्यंत तर हा कायदा १९५९ मध्ये पोचला. त्या वर्षी त्याचा विस्तार झाला, जम्मू-काश्मीर सोडून सगळ्या देशात.

मध्ये १९५६ साल येऊन गेले. त्या एका वर्षात किती घडले! १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून जाहीर केले की आयुर्विमा आता सरकारच्या हाती. १७ जूनपासून हिंदू वारसा कायदा अमलात आला. तो जैनांनाही लागू. त्यात विधवा, आई, मुलगा, मुलगी बरोबरीने वारस ठरल्या आणि बाईच्या हाती आलेली मालमत्ता तिची पूर्ण मालकीची झाली. जुलैत मुंबईच्या प्रश्नावरून देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १ सप्टेंबरला देशातल्या २४५ कंपन्या आणि सोसायट्या मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आणि १ नोव्हेंबरला आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सीमाभागातल्या घरांत त्या वर्षाची आठवण निघते ती शेवटच्या तारखेची. तिचे दुःख आहेच. पण १७ जूनची आठवणही आपण बायकांनी ठेवायला हवी, नाही का?

आता शब्दांकडे परत येऊ. आमच्या भिशीत एकदा हाच विषय निघाला. बहुतेक जणी म्हणाल्या, ‘यांच्या पॉलिसीवर नॉमिनी मीच आहे. म्हणजे काळजी नाही.’ एक नव्याने आलेली सून म्हणाली, ‘नॉमिनी म्हणजे वारसच ना हो अक्का?’

तसे नाही, आणि हे न्यायालयाने फार स्पष्ट सांगितले आहे. १९३८ च्या विमा कायद्यात नॉमिनी नेमायची सोय आली. १९८३ मध्ये एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तरुण नवरा मृत्युपत्र न करता वारला. पॉलिसीवर नॉमिनी बायको. आई म्हणाली, मीही वारस आहे, माझा हिस्सा द्या. बायको म्हणाली, नाव माझे आहे, पैसे माझे. न्यायालयाने निर्णय दिला की नॉमिनी म्हणजे कंपनीकडून पैसे घेणारा हात. ते पैसे पुढे वारसांत त्यांच्या हिश्श्याप्रमाणे वाटायचे. त्या खटल्यात समोरासमोर उभ्या होत्या त्या सासू आणि सून. दोघींचे दुःख एकच आणि दोघींची गरजही एकच. नवऱ्याने हयातीत दोन ओळी नीट लिहिल्या असत्या तर दोघींना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

२०१५ मध्ये विमा कायदा बदलला. आईवडील, पतीपत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले तर ते पैशाचे हक्कदारही मानायचे, अशी तरतूद आली. पण तिचा नेमका अर्थ काय, वारसांचा हक्क त्यामुळे संपतो का, यावर न्यायालयांत वाद चालूच राहिले. म्हणून तीन शब्द वेगवेगळे लक्षात ठेवा. नॉमिनी पैसे स्वीकारतो. वारस कायद्याने हिस्सेदार असतो. आणि १८७४ च्या कायद्याखालच्या पॉलिसीत ज्याचे नाव असते तो लाभार्थी. ते पैसे नवऱ्याच्या मिळकतीत येतच नाहीत, त्यामुळे तिथे सावकारही येत नाही आणि वाटणीही येत नाही.

मात्र ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. एकदा केली की नवऱ्याला मनात येईल तेव्हा नाव बदलता येत नाही. लाभार्थींच्या संमतीशिवाय त्यावर कर्ज काढता येत नाही की पॉलिसी मोडता येत नाही. विश्वस्ताचे नावही तेव्हाच घालावे, नाहीतर पैसे सरकारी विश्वस्ताकडे जातात आणि तिथून ते मिळवण्यात वेळ जातो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे घरात कोणी विचारले तर सांगावे, विश्वास तुमच्यावर आहे, भीती धंद्यातल्या उधारीची आहे. विमा या शब्दाचा अर्थच तो.

एक शेवटचा आकडा. हे सगळे झाले नवऱ्याच्या जिवाबद्दल. घरी राबणाऱ्या बाईच्या जिवाची किंमत किती? विमा व्यवसायात स्त्रियांचे वर्ग पाडत आणि ज्यांना स्वतःचे उत्पन्न नाही अशा गृहिणी शेवटच्या वर्गात येत. १९९४ पासून मोटार अपघाताच्या भरपाईसाठी जे कोष्टक होते, त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरत. २००१ मध्ये जमशेदपूरच्या एका आगीतल्या मृतांच्या भरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. रक्कम थोडी वाटेल. पण ‘काही करत नाही, घरीच असते’ या वाक्यापुढे न्यायालयाने पहिल्यांदा नव्हे तरी ठळकपणे एक आकडा लिहिला. पुढच्या निकालांत तो वाढत गेला. जे मोजले जाते त्याची दखल घ्यावी लागते. स्कॉटलंडच्या त्या विधवांचेही तसेच झाले होते.

या दिवाळीत कपाट आवरताना पॉलिसीची फाइल बाहेर काढा. आकड्याकडे नंतर बघा. आधी बघा नाव कुणाचे आहे आणि त्या नावापुढे कोणता शब्द लिहिला आहे. घरात नवे लग्न झाले असेल तर लेकाला आणि जावयाला बसवून हे सांगा, पहिली पॉलिसी घेण्याआधी. तो फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात. आपल्याला त्यात नाव लिहिण्याचा हक्क मिळायला एकोणपन्नास वर्षे लागली होती.